आठव्या तारेची टरटर

सासूबाई नणंदेच्या बाळंतपणाला निघाल्या तेव्हा गाडीत बसता बसता त्यांनी मला तीन गोष्टी बजावल्या. पाण्याची मोटर दहा मिनिटांच्या वर चालवायची नाही. मागच्या दाराची कडी दोनदा ओढून बघायची. आणि तिसरी, गाडीची काच वर जात असताना: "हे कशालाही छान आहे म्हणाले, तर एकदा स्वतः जाऊन बघत जा."

हे म्हणजे माझे सासरे. मी हसून मान डोलावली आणि सोडून दिलं. चाळीस वर्षांच्या संसारानंतर कुठलीही बायको नवऱ्याबद्दल एवढं बोलणारच. माझी आई तर याच्या दसपट बोलते. शिवाय त्या क्षणी माझं सगळं लक्ष मुलीच्या नाकाकडे होतं. तिला सकाळपासून चार शिंका आल्या होत्या आणि पाचवी येणार अशी तिची मुद्रा होती.

मी काळजी करणारी आहे हे मला मान्य आहे. संख्याशास्त्राची पदवी घेतलेल्या बाईला मूल झालं की काय होतं ते बघायचं असेल तर माझी वही बघावी. दूध, झोप, शी, शिंका, उचक्या असे रकाने आणि शेवटचा रकाना 'इतर', त्यात 'भिंतीकडे बघून हसली' वगैरे. नवरा महिन्यातले वीस दिवस कामासाठी बाहेरगावी असतो. तो फोनवर विचारतो, "कशी आहे?" मी सांगते, "सरासरीच्या जवळपास." त्याला तेवढं पुरतं.

वहीशिवाय माझं दुसरं वेड म्हणजे पट्टी. मुलीला सातवा महिना लागला, ती सरकायला लागली, आणि घरातल्या प्रत्येक टोकाने माझ्याकडे डोळे वटारले. टेबलांचे कोपरे, कपाटांच्या कडा, सासऱ्यांच्या हत्यारपेटीची कानाकोपऱ्यातली टोकं, सगळ्यांना मी एक मऊ पारदर्शक पट्टी चिकटवली. काचेसारखी असते, लावली की दिसतही नाही. सासूबाई म्हणाल्या होत्या, "माझ्या कोपरांनाही लाव. टोकदार आहेत."

आमचं घर विमानतळाच्या कुंपणाला लागून. लहान विमानतळ, दिवसाला पाच-सहा विमानं. कुंपणापलीकडे पत्र्याचं मोठं हँगर आणि त्यात जुनी विमानं जपणाऱ्या मंडळींचं एक दुमजली पंखांचं विमान. बाबा, म्हणजे माझे सासरे, निवृत्त झाल्यावरही रोज नऊ वाजता डबा घेऊन तिकडे जायचे, कारण असल्या इंजिनाच्या ठिणग्यांचं काम येणारं दुसरं माणूसच उरलं नव्हतं. हँगरमध्ये त्यांना ठिणगीमास्तर म्हणत.

हे काम काय असतं ते बाबांनी मला समजावलं तेव्हा मी मुलीला दुपट्यात गुंडाळत होते. सुरुवातीच्या विमानांत रेडिओ नव्हता, तोवर इंजिनातल्या ठिणग्यांचं कुणाला काही पडलेलं नव्हतं. रेडिओ बसवला आणि कळलं, की प्रत्येक ठिणगी हेच एक लहानसं रेडिओकेंद्र आहे. गोलाकार नऊ सिलिंडर, प्रत्येकाला दोन प्लग, म्हणजे अठरा तारा, आणि अठराही जणी अखंड बडबडणाऱ्या. जमिनीवरून कुणी वैमानिकाला 'उजवीकडे वळा' सांगितलं, तर त्याला नुसती टरटर ऐकू यायची. मग प्रत्येक तारेवर धातूची विणलेली जाळी चढवायला सुरुवात झाली. कवच. बडबड आतल्या आत.

"म्हणजे दुपटं," मी म्हणाले.

"दुपटंच. पण हे दुपटं दोन्ही टोकांना इंजिनाच्या धातूला घट्ट टेकलेलं हवं. मधे रंग नको, गंज नको, कागदाएवढीही फट नको. टेकलं नाही, तर ते कवच नव्हे, नुसता दागिना. वर जाळीच ठिणग्या मारायला लागते."

"इथे जमिनीवर?"

"इथे थोड्या. वर हवा पातळ, तिथे ठिणगी आणखी लांब उडी मारते." आणि मग मुलीकडे बघून, "अगं, तिचे हात मोकळे सोड. ती इंजिन नाही."

हे विमान तीस वर्षांनी पुन्हा उडणार होतं. पण त्याआधी गुरुवारी निरीक्षक येणार होते. इंजिन चालू ठेवून रेडिओ ऐकायचा, आवाज स्वच्छ असला तर परवानगी, नसला तर विमान कायमचं काचेच्या भिंतीआड. रेडिओ स्वच्छ असल्याच्या कागदावर बाबांनी आठवडाभर आधीच शिक्का उठवून ठेवला होता. त्यांच्या नावाचा, लाकडी मुठीचा, बेचाळीस वर्षं वापरून मूठ काळी पडलेला शिक्का. तो ते शर्टाच्या खिशात ठेवत. कागद खोटा निघाला तर शिक्का परत करायचा, असा नियम. बेचाळीस वर्षांत त्यांचा एकही कागद परत आलेला नव्हता, आणि हे त्यांनी मला लग्न ठरलं त्या दिवशी, चहा यायच्या आत सांगितलं होतं.

तर त्याआधीच्या शुक्रवारी सकाळी मी कपडे वाळत घालत होते. मुलगी आत झोपलेली. नणंदेने तिच्या थोरल्याचं वापरलेलं, बाळाचा आवाज दुसऱ्या खोलीत ऐकवणारं बाळयंत्र मला दिलं आहे, ते त्या दिवशी मी पहिल्यांदाच लावलं होतं. एक डबी पाळण्यापाशी, दुसरी माझ्या कमरेला. त्या डबीतून एकदम आवाज आला: टर्र टर्र टर्र टर्र.

मला वाटलं मुलीच्या घशात काही अडकलं. चिमटे तोंडात धरून मी धावले. मुलगी हातपाय पसरून निवांत झोपली होती. डबीतून टर्र टर्र चालूच. मग ती थांबली, आणि त्याच क्षणी कुंपणापलीकडचं इंजिनही थांबलं.

ही गोष्ट मी वहीत 'इतर'मध्ये लिहिली. त्या दिवशी इंजिन तीनदा सुरू झालं, तिन्ही वेळा टरटर आली. तीनवरून निष्कर्ष काढू नये असं आम्हाला शिकवलेलं, म्हणून मी शनिवारीही थांबले. टरटर सहा वेळा झाल्यावर मात्र मुलगी आणि वही दोन्ही शेजारच्या नर्सबाईंच्या स्वाधीन करून मी हँगरमध्ये गेले.

"बाबा, तुमचं इंजिन माझ्या यंत्रात बोलतंय."

बाबांनी माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "काय बोलतंय?"

"टर्र."

"शक्य नाही. अठराच्या अठरा तारा मी स्वतः बसवल्यात. शेजारी कुणी मिक्सर लावला असेल."

"मिक्सर तुमचं इंजिन बंद झालं की बंद होतो?"

"शिस्तीचा मिक्सर असेल," शिडीवरून रंगारीकाका म्हणाले. हे विमानाच्या पंखांवर कापड ताणून रंग देतात आणि न विचारता बोलतात.

बाबा दुखावले नाहीत, उलट खूश झाले. सुनेने इंजिनात रस घेतला म्हणून असेल. "चल, बस मागच्या खुर्चीत. स्वतःच ऐक."

मी बसले. काकांनी चाकांपुढे ठोकळे सरकवले, पंखा फिरला, धूर आला, सगळं विमान मांजरासारखं थरथरायला लागलं. बाबांनी हेडफोन कानांना लावला, डोळे मिटून ऐकलं, आणि समाधानाने मान हलवून तो माझ्याकडे दिला.

विमानतळाच्या मनोऱ्यातला माणूस वारा सांगत होता. पण असा, की जणू कुणी कानशीने त्याचे दात घासत होतं. दर दोन शब्दांमागे टर्र. वाऱ्याचा वेग मला कळलाच नाही.

मी हेडफोन परत दिला. बाबांनी तो पुन्हा लावला, माझ्याकडे वळून बघितलं आणि ओरडले, "बघ. आरशासारखा."

मी त्यांचा चेहरा निरखून पाहिला. मुलीच्या चेहऱ्यावरून मी पोटात दुखतंय की दात येतोय हे सांगू शकते. या चेहऱ्यावर थाप नव्हती. त्यांना खरोखरच स्वच्छ ऐकू येत होतं. म्हणजे, येत नव्हतं.

इंजिन थांबल्यावर मी काकांना बाजूला घेतलं. "काका, तुम्ही कधी तो रेडिओ ऐकलाय?"

"ऐकलाय की. स्वच्छ आहे."

"टर्र टर्र येत नाही?"

काकांनी ब्रश पुसला. "येते. पण मास्तर स्वच्छ म्हणाले. मला वाटलं रेडिओ असाच असतो. मी रंगाचा माणूस, ताई."

घरी येऊन मी ठरवलं, घाईने काही बोलायचं नाही, आधी माहिती गोळा करायची. वहीत नवं पान घेतलं. बाबा पेपर वाचत पाठमोरे बसले की मी दोन पावलांवर उभी राहून एकेक आवाज करायचा आणि लिहायचं. खुळखुळा: नाही. वाटीवर चमचा: नाही. किटलीची शिट्टी: नाही. दार आपटणं: हो. रस्त्यावरचा ट्रक: हो. मी हळू 'बाबा' म्हणणं: नाही. तेच समोरून: हो. उंच, बारीक आवाज सगळे गेलेले. जाड आवाज शाबूत. इंजिनाचा घरघराट त्यांना अजून फेऱ्या मोजता येतील इतका स्पष्ट ऐकू येत होता. टरटर मात्र त्यांच्यापुरती जगातून नाहीशी झालेली होती.

खात्रीसाठी पुन्हा खुळखुळा घेतला तेव्हा त्यांनी पान उलटता उलटता मागे पाहिलं. मी हात उंचावून खुळखुळा हलवत उभी.

"मुलगी तिकडे आहे," ते म्हणाले.

"हो. सहज," मी म्हणाले.

मग मी घड्याळाकडे पाहिलं, तर चार वाजायला आले होते. चार ते पाच हा बाबांचा तास. त्या तासात मी अंघोळ करते, केस वाळवते, आणि मुलगी त्यांच्याजवळ असते. सासूबाई गेल्यापासून रोज. तिचं सुरुवातीचं रडणं बारीक असतं, शिट्टीसारखं. मोठ्याने रडायला तिला दोन मिनिटं लागतात. म्हणजे रोज एक तास माझी मुलगी शिट्टी ऐकू न येणाऱ्या माणसाकडे.

त्या दिवशी मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि मागच्या दाराने बाहेर येऊन खिडकीखाली बसले. बाबा पाळण्याशेजारी स्टुलावर होते. पेपर डाव्या हातात, उजवा हात मुलीच्या पोटावर. तो हात तिथे रोज असतो. मी त्याला माया समजत होते. वीस मिनिटांनी मुलीने ओठ मुडपले. मला खिडकीतून जेमतेम ऐकू येईल असा बारीक सूर निघाला, आणि मी उठायच्या आत बाबांनी पेपर टाकून तिला उचललंसुद्धा. पोटावरच्या तळव्याला ते कानांच्या आधी कळलं होतं. इंजिन चालू असताना ते त्याच्या झाकणावर असाच तळवा ठेवतात.

न्हाणीघरातला नळ वाहतच होता. टाकी संपली.

संध्याकाळी मी सासूबाईंना फोन लावला. "आई, बाबांना ऐकू कमी येतं का?"

"कमी? दोन वर्षं झाली, पाठ वळवून मी त्यांच्याशी भांडतच नाही. वाया जातं."

"मग मला सांगितलं का नाही?"

"निघताना सांगितलं की."

"असं सांगतात?"

"मग कसं सांगू? दारावर पाटी लावू? ते नको म्हणाले होते. पूर्वी एक रेडिओवाला होता जोडीला. हे तारा बसवायचे, तो ऐकायचा आणि बोटांनी खूण करायचा. तो लेकाकडे राहायला गेला, तेव्हापासून दोन्ही कामं हेच करतात. कानांचं कळलं तर शिक्का जाईल म्हणतात."

"पण आई, आता खोटा ठरून जाईल. रेडिओ टरटरतोय."

मग त्या म्हणाल्या, "आणि आणखी एक आहे. तुला कळलं तर तू पोरीला त्यांच्याजवळ ठेवणार नाहीस, याची त्यांना शिक्क्याहून जास्त धास्ती आहे. आता मी काही बोलले नाही, तू काही ऐकलं नाहीस. तुझ्या नणंदेला वरण हवंय, मी ठेवते फोन."

गुरुवारपर्यंत मधे चार दिवस. माझा बेत साधा होता: दोष गुपचूप शोधायचा, काहीतरी निमित्त काढून तो दुरुस्त करवून घ्यायचा, म्हणजे कानांचा विषयच निघणार नाही. आपण फार हुशार आहोत असं वाटायला लागलं की मी असले बेत करते.

रविवारी मी बाबांना म्हणाले, मला पुन्हा ऐकायचंय, फार मजा आली. ते इतके खूश झाले की मलाच ओशाळल्यासारखं झालं. अठरा तारांना ठिणग्या पुरवणारे मॅग्नेटो दोन असतात, डावा आणि उजवा. एकेकावर इंजिन चालवून बघता येतं. डाव्यावर मनोऱ्यातला माणूस वर्तमानपत्र वाचल्यासारखा स्पष्ट. उजव्यावर टर्र. म्हणजे नऊ तारा बाद, नऊ उरल्या. मी हेडफोनपाशी फोन धरून आवाज टिपून घेतला.

"बाबा, आत्ता इंजिन मिनिटाला किती फिरतंय?"

"चारशे ऐंशी. हाताला कळतं."

घरी जाऊन मी तो आवाज संथ करून ऐकला आणि मोजला. सेकंदाला चार टर्र, चुकूनही पाचवी नाही. चारशे ऐंशी म्हणजे सेकंदाला आठ फेऱ्या. प्रत्येक तारेत दर दोन फेऱ्यांना एक ठिणगी, म्हणजे एका तारेत सेकंदाला चार. चार टर्र म्हणजे दोषी तार एकच. पदवीचा असा उपयोग माझ्या प्राध्यापकांच्या स्वप्नातही आला नसेल. मी वहीत चौकट आखून उत्तर लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

पण नवातली कोणती? सोमवारभर मी त्यावर डोकं खपवलं. इतर तारांहून वेगळं असं एकीलाच काय झालं असेल? मंगळवारी सकाळी बाबांच्या हत्यारपेटीची एक पट्टी निघाली होती, म्हणून मी नवी कापून, दाताने टोक तोडून, बोटाने दाबत होते. दाबता दाबता माझं बोट तिथेच थांबलं.

पंधरा दिवसांपूर्वी बाबा डबा विसरले म्हणून मी तो द्यायला गेले होते. इंजिन उघडं, बंद. मुलगी माझ्या छातीला बांधलेली. टेबलावर एक तार बसवायची राहिलेली, तिच्या जाळीची टोकं सुईसारखी बाहेर आलेली. मुलीने हात घातला. मी तिचा हात मागे घेतला, आणि बाबा कपडा धुंडाळायला पलीकडे गेले तेवढ्यात पर्समधून पट्टी काढून त्या टोकांभोवती छान दोन वेढे दिले. पारदर्शक. न दिसणारे. बाबांनी येऊन तीच तार घेतली, तिच्यावर कडं सरकवलं, आवळलं आणि म्हणाले, "ही आठवी. बघ कशी घट्ट बसली."

कागदाएवढीही फट नको, असं त्यांनी मला किती तपशिलात सांगितलं होतं. मी फटीची सोय करून ठेवली होती. तीही दोन पदरी.

पाना फक्त बाबांकडे. ते कडं त्यांच्याशिवाय कुणाला उघडता येणार नव्हतं, आणि ते का उघडायचं हे टरटरीबद्दल न बोलता सांगता येणार नव्हतं. माझा गुपचूप बेत तिथेच फसला. बुधवारी दुपारी मी हँगरमध्ये गेले. बाबा आणि काका चहा पीत होते. मी मुद्दाम बाबांच्या समोर, उजेडात उभी राहिले.

"बाबा, उजवीकडची आठवी तार उघडायला हवी."

"का? छान आहे."

"मी तिला पट्टी लावली होती."

"काय लावली होती?"

"पट्टी. कोपऱ्यांना लावते ती. जाळीची टोकं मुलीला टोचत होती."

बाबांनी कप खाली ठेवला. पाना घेतला, कडं सैल केलं आणि मागे सरकवलं. पट्टी तपकिरी झाली होती, चुरगळलेली, आणि तिच्यात टाचणीने टोचल्यासारखी काळी भोकं. दर ठिणगीला जाळीतून धातूकडे उडी पडत होती, पंधरा दिवस. त्यांनी ती चिमट्यात धरून उजेडात फिरवली.

"बेचाळीस वर्षांत," ते म्हणाले, "ठिणगीला कुणी उशी दिलेली पहिल्यांदाच बघतोय."

काका हसले. बाबा हसले नाहीत. पट्टीवरची भोकं ते बघत राहिले, आणि एकामागून एक गोष्टी त्यांच्या लक्षात येत गेलेल्या मला दिसल्या.

"म्हणजे टरटर होती," ते म्हणाले.

"होती."

"मोठी?"

"मनोऱ्यातल्या माणसाच्या दर दोन शब्दांना एक."

त्यांनी काकांकडे मान वळवली. "तू ऐकली होतीस?"

"ऐकली होती, मास्तर."

"मग बोलला नाहीस?"

"तुम्ही इतकं छान म्हणालात."

बाबांनी खिशातून शिक्का काढला आणि टेबलावर, चहाच्या कपाशेजारी ठेवला. "उद्या देऊन टाकतो," ते म्हणाले. "पकडला जाण्याआधी दिलेला बरा."

घाबरले की मी हाती लागेल ते वाचायला लागते. समोर तो कागद होता. 'कवच बसवणारा', खाली बाबांचा शिक्का. 'रेडिओ ऐकून तपासणारा', खाली पुन्हा बाबांचा शिक्का.

"बाबा, हे रकाने दोन आहेत."

"दोनच असतात. दुसरा रेडिओवाल्याचा होता."

"मग पहिला तुमचाच आहे. तो खोटा कुठे आहे? ही पट्टी काढून तार बसवलीत की तो खराच होईल. दुसरा खोडा. उद्या विमान चालवणाऱ्या कॅप्टनबाई येतायत ना, त्या ऐकतील."

"निरीक्षक विचारणार, का खोडला."

"विचारणारच."

"सांगावं लागेल."

"लागेल."

"तू सांग," बाबा म्हणाले.

"कान तुमचे, तुम्ही सांगा. पट्टी माझी, ती मी सांगते."

बाबांनी पाना उचलला, कपड्याने जाळी पुसली, कडं चढवलं आणि आवळायला घेतलं. आवळता आवळता, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "आणि चार ते पाच?"

उत्तर दिसावं म्हणून मी वाकून त्यांच्या तोंडासमोर गेले. "तिच्या पोटावरचा हात काढू नका. बाकी काही नाही."

मी पाहिलंय हे त्यांना कळलं. त्यांनी पाना आणखी अर्धा आटा फिरवला, आणि मला खात्री आहे की त्या कड्याला त्याची गरज नव्हती.

गुरुवारी निरीक्षक आले. बारीक, इस्त्रीचे, पेन खिशात उलटं अडकवलेले. त्यांनी कागद मागितला. बाबांनी तो लगेच दिला नाही. आधी दोन पावलं पुढे जाऊन, अवघ्या हँगरला ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. कमी ऐकू येणारी माणसं मनातलं गुपितही मोठ्यानेच सांगतात.

"दुसऱ्या रकान्यातला शिक्का चुकीचा आहे. मी मारला. मला टरटर ऐकू येत नाही, दोन वर्षं झाली. हाताचं काम सगळं माझं, त्याला मी जबाबदार."

निरीक्षकांनी कागद हातात घेऊन शांतपणे नोंद केली. मग माझी पाळी. "आणि उजवीकडच्या आठव्या तारेच्या कवचाखाली मी बाळासाठीची पट्टी चिकटवली होती. काल काढली."

पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या कडेवरच्या मुलीकडे पाहिलं, मग कागद वरपासून खालपर्यंत बघितला. "हे कुठल्या रकान्यात लिहू?"

"माझ्या वहीत 'इतर' असा एक असतो," मी म्हणाले. त्यांच्या कागदावर तो नव्हता. त्यांनी समासात लिहिलं.

नर्सबाई मुलीला घेऊन घरी गेल्या, इंजिन सुरू झालं. कॅप्टनबाईंनी हेडफोन लावला, डावा मॅग्नेटो, उजवा, दोन्ही. बाबा खाली उभे होते आणि कॅप्टनबाईंच्या भुवयांवर नजर ठेवून होते. मी माझ्या डबीला कान लावून उभी होते. डबीत काही नव्हतं, फक्त नर्सबाई मुलीला वहीतल्या शिंकांचे आकडे वाचून दाखवत होत्या. कॅप्टनबाईंनी हेडफोन निरीक्षकांना दिला. त्यांनी मनोऱ्याकडून वारा ऐकला, दाब ऐकला, दृश्यमानता ऐकली, आणि कॅप्टनबाईंना सही करायला सांगितलं.

शिक्का निरीक्षकांनी हातात घेऊन मूठ न्याहाळली. "पहिल्या रकान्यापुरता तुमच्याकडे राहू दे. दुसऱ्यात पुन्हा दिसला तर मी घेऊन जाईन. आणि पंधरा दिवसांत कानांचा दाखला आणून द्या."

बाबा म्हणाले, "छान." मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "काय म्हणाले?" मी सगळं पुन्हा सांगितलं, समोर उभी राहून.

कानांच्या डॉक्टरीणबाईंनी काढलेला आलेख डावीकडे सपाट आणि उजवीकडे घसरगुंडी असा होता. इतका नेटका आलेख मी वर्षानुवर्षांत पाहिला नव्हता आणि तसं बोलूनही गेले. त्यांनी विचारलं, दोन वर्षं काय करत होतात? बाबा म्हणाले, मान डोलावत होतो. गेलेलं परत येत नाही, पण उरलेलं राखता येतं, आणि आणखी दोन वर्षांनी आला असता तर राखण्यासारखं फार उरलं नसतं, असं त्या म्हणाल्या. आता बाबांच्या दोन्ही कानांत छोटी यंत्रं आहेत. फ्रिज एवढा बोलतो हे आपल्याला कुणी सांगितलं नाही, ही त्यांची तक्रार आहे. सासूबाई परत आल्यापासून पाठ वळवूनही भांडतात. विमान उडालं, मी घाबरून वर पाहिलं नाही.

हे सगळं लिहायचं कारण वेगळंच आहे. बाबांसारखं कुणीतरी तुमच्याही ओळखीत असेल. हल्ली फोन आला की बायकोकडे देणारं. चारचौघांत बाकीचे हसले की क्षणभर मागून हसणारं. बोलताना तुमच्या डोळ्यांकडे नाही, ओठांकडे बघणारं. कामात चोख, म्हणून कुणी शंका न घेतलेलं. त्यांना 'ऐकू येतं ना' असं विचारू नका. येतं म्हणतील, आणि त्यात खोटेपणा नसेल, भीती असेल. आज ते पाठमोरे बसलेले असताना जवळ जा, रोजच्या आवाजात त्यांना एक हाक मारा, आणि वळतात का तेवढं बघा.